राजपुत्र, रॉकस्टार आणि बँकेचे गव्हर्नर: ॲस्टन व्हिलामागे ही माणसं आली कुठून?

३० मे २०१५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम. एफए कपचा अंतिम सामना नुकताच संपलाय आणि आर्सेनलने ॲस्टन व्हिलाला ४-० असं धुऊन काढलंय. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष म्हणून कप द्यायला प्रिन्स विल्यम उभा आहे. आर्सेनलचे खेळाडू येतायत आणि तो हात मिळवून अभिनंदन करतोय. राजघराण्यातल्या माणसाला हे जन्मापासूनच शिकवलेलं असतं, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसत नाही. पण चार गोल खाल्लेला तो संघ त्याचा स्वतःचा आहे, आणि त्यानेच तो निवडलाय.

ब्रिटनच्या भावी राजाने एखाद्या क्लबाच्या मागे असावं यात नवल नाही. नवल आहे ते क्लबाचं. व्हिला बर्मिंगहॅमचा. विल्यम लंडनमध्ये वाढला, ईटनमध्ये शिकला, बर्मिंगहॅमशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बरं, तो एकटाच असता तर राजपुत्राची लहर म्हणून सोडून देता आलं असतं. पण याच क्लबाच्या पाठीराख्यांत हॉलिवूडचा टॉम हँक्स आहे. ‘ब्लॅक सॅबथ’ या रॉक बँडचा गायक ओझी ऑस्बर्न होता. व्हिवाल्डी वाजवून जगभर गाजलेला व्हायोलिनवादक नायजेल केनेडी आहे, बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर मर्विन किंग आहेत आणि डोक्यावर जटा वाढवलेला कवी बेंजामिन झेफानाया होता. एका टेबलाभोवती बसवली तर बोलायला विषय सापडणार नाही अशी ही माणसं. सापडला तर एकच, शनिवारचा निकाल.

हे कसं होतं, ते नीट उलगडून बघू. त्यासाठी आधी क्लबाबद्दल थोडं.

व्हिलाची स्थापना १८७४ ची. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या एका मेथडिस्ट चर्चमधली पोरं क्रिकेट खेळायची आणि हिवाळ्यात हात बांधून बसायला लागू नये म्हणून त्यांनी फुटबॉल सुरू केलं. पहिला सामना रग्बीच्या संघाशी ठरला, म्हणून तोडगा असा काढला की पहिला अर्धा खेळ रग्बी आणि दुसरा अर्धा फुटबॉल. व्हिला १-० ने जिंकली. पुढे याच क्लबाच्या विल्यम मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश कापड दुकानदाराने पुढाकार घेऊन १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी केली. आज फुटबॉलमध्ये जगभर ज्याला आपण लीग म्हणतो, त्या पद्धतीचा उगम तिथला. व्हिलाने इंग्लंडचं लीग विजेतेपद सात वेळा मिळवलं, त्यातली पाच १८९४ ते १९०० या काळातली. सातवं मिळायला १९८१ उजाडलं. पुढच्याच वर्षी, २६ मे १९८२ ला, रॉटरडॅममध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकला १-० ने हरवून व्हिला युरोपची विजेती झाली. सुरुवातीच्या काही मिनिटांतच मुख्य गोलरक्षक जिमी रिमर बाहेर गेला आणि नायजेल स्पिंक नावाचा जवळपास कोरा गोलरक्षक बायर्नसमोर उभा राहिला, तरीही.

थोडक्यात, घराणं मोठं, पण वैभव जुनं. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट माहीत हवी, नाहीतर या पाठीराख्यांचं दुःख कळत नाही. इंग्लिश फुटबॉल एखाद्या शिडीसारखं रचलेलं आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, वीस क्लब. हंगामाच्या शेवटी तळाचे तीन क्लब खालच्या श्रेणीत जातात आणि खालून तीन वर येतात. खाली जाणं म्हणजे नुसती अब्रू जाणं नव्हे. टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू निघून जातात आणि काही क्लब वर्षानुवर्षं वर येतच नाहीत. त्यामुळे क्लबामागे उभं राहणाऱ्यांची खरी परीक्षा कपाच्या वर्षी होत नाही, घसरणीच्या वर्षी होते. व्हिलाचं ते वर्ष २०१६. अडतीस सामन्यांत तीन विजय आणि सतरा गुण घेऊन क्लब तळाला गेला.

आता माणसांकडे येऊ.

आपल्याला एखाद्या प्रसिद्ध माणसाचा क्लब ऐकून आश्चर्य वाटतं, कारण आपण गोष्ट उलटीकडून वाचतो. आपल्या मनात आधी प्रसिद्ध माणूस असतो आणि मग आपण विचारतो की याने हा क्लब का निवडला. प्रत्यक्षात बहुतेकांच्या आयुष्यात क्लब आधी येतो आणि प्रसिद्धी वीस-तीस वर्षांनी. सात-आठ वर्षांच्या पोराला क्लब निवडायचा नसतोच. तो आडनावासारखा मिळतो.

ओझी ऑस्बर्नचं उदाहरण घ्या. जन्म १९४८, वाढला बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातच. घर व्हिला पार्क स्टेडियमपासून चालत जाण्याइतकं जवळ. सामन्याच्या दिवशी बाहेरगावचे लोक आसपासच्या गल्ल्यांत मोटारी लावायचे. ओझी आणि त्याचे सवंगडी त्या मोटारी राखायचे आणि चिल्लर कमवायचे. ‘साहेब, गाडी बघू का?’ या धंद्यात एक न बोललेली धमकी असते, ती ज्याला कळायची त्याला कळते. स्टेडियमशी त्याचं नातं असं भिंतीच्या बाहेरून सुरू झालं. खरं सांगायचं तर ‘ब्लॅक सॅबथ’मधला कट्टर व्हिलावाला ओझी नव्हे, बास वाजवणारा गीझर बटलर. तोही ॲस्टनचाच. जगभरच्या दौऱ्यांत व्हिलाचं प्रेम मिरवत हिंडणारा तो. गिटारवाला टोनी आयोमीही त्याच पंथाचा. चौघांचं हे बँड कारखान्यांच्या वस्तीतून आलं आणि त्या वस्तीत क्लब हवेतच होता.

म्हणून ५ जुलै २०२५ ला ‘ब्लॅक सॅबथ’ची शेवटची मैफल व्हिला पार्कवर झाली यात कुणाला जुळवून आणल्यासारखं काही वाटलं नाही. मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. पार्किन्सन्सने थकलेला ओझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. उत्पन्न पार्किन्सन्सवर काम करणाऱ्या संस्थेला आणि मुलांच्या रुग्णालयासारख्या कामांना दिलं गेलं. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ओझी गेला.

झेफानायाची वाट तशीच, फक्त रंग वेगळा. जन्म १९५८, हँड्सवर्थचा, म्हणजे ज्या भागात चर्चच्या पोरांनी क्लब काढला तिथलाच. मधल्या काळात तिथली वस्ती बदलली होती, कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं स्थायिक झाली होती. झेफानायाची कविता त्या रस्त्यांची. ब्रिटिश साम्राज्याच्या नावाने दिला जाणारा ‘ओबीई’ हा किताब त्याने २००३ मध्ये जाहीरपणे नाकारला, कारण त्यातल्या ‘एम्पायर’ या शब्दाने त्याला गुलामगिरी आठवायची. डिसेंबर २०२३ मध्ये तो वारला, तोपर्यंत तो व्हिलाचाच होता. सरकारी किताब नाकारणारा कवी आणि ज्या घराण्याच्या हातून तो किताब दिला जातो त्यातला राजपुत्र, दोघे एकाच संघासाठी ओरडायचे. फुटबॉल लोकांना एकत्र आणतं वगैरे भाषणं मला फारशी पटत नाहीत. दोघांची मतं तिळभरही जवळ आली नसणार. पण पेनल्टी हुकल्यावर दोघांच्या तोंडून निघणारा शब्द बहुधा एकच असावा.

नायजेल केनेडीचं गणितही फार अवघड नाही. जन्म ब्रायटनचा, पण लहानपणीच घर बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या सोलिहलला आलं. व्हिवाल्डीच्या ‘फोर सीझन्स’ची त्याची १९८९ ची रेकॉर्ड वीस लाखांवर खपली. शास्त्रीय संगीतात हा आकडा चक्कर आणणारा आहे. त्यानंतर तो मैफलीला व्हिलाची जर्सी घालून येऊ लागला. कोटाच्या शेपट्या सांभाळत बसणाऱ्या रसिकांना ते झेपलं नाही. मला यात नाटकीपणाचा थोडा वास येतो, खोटं कशाला बोला. पण नाटकच करायचं असतं तर जास्त जिंकणाऱ्या क्लबाची जर्सी बाजारात मिळत होतीच की.

मर्विन किंग यांची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. ते शाळेला वुल्व्हरहॅम्प्टनला होते आणि पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक. २००३ ते २०१३ या काळात ते बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते, म्हणजे २००८ चं जागतिक आर्थिक संकट त्यांच्या टेबलावरून गेलं. बँका कोसळत असताना ज्यांनी एका देशाचं चलन सांभाळलं, त्यांना २०१६ च्या सुरुवातीला व्हिलाच्या संचालक मंडळावर घेतलं गेलं. क्लब तेव्हा गटांगळ्या खात होता आणि एवढा अनुभवी माणूस आलाय तर काहीतरी मार्ग निघेल अशी आशा होती. एप्रिलच्या मध्यावर घसरण पक्की झाली आणि दोनच दिवसांत किंग राजीनामा देऊन मोकळे झाले. प्रेमाच्या माणसाने कारभारात पडावं का, या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर शोधून सापडायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इथपर्यंतची माणसं जागेने समजतात. कुठे वाढला, कुठे शाळेत होता, कुठे नोकरीला होता, एवढं विचारलं की झालं. उरतात दोघे. त्यांच्याकडे प्रसिद्धी आधी होती आणि क्लब नंतर आला.

टॉम हँक्सचं कारण इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकताना थट्टा वाटते. त्याला नाव आवडलं. ‘ॲस्टन व्हिला’ ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे सुट्टीत जाऊन राहावं असा समुद्रकाठचा बंगला आला. प्रत्यक्षात स्टेडियमभोवती विटांच्या घरांच्या रांगा आणि जुनी औद्योगिक वस्ती आहे, आणि समुद्र सगळ्या बाजूंनी लांब आहे. पण त्याने एकदा नाव घेतलं ते घेतलं, मुलाखतींत विषय निघाला की अजून तेच सांगतो. कट्टर लोकांना असली कारणं खपत नाहीत. मला विचाराल तर हे कारण प्रामाणिक आहे. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला इंग्लिश क्लब निवडायला दुसरं कोणतं सबळ कारण असणार? ट्रॉफ्या बघून निवडलं तर तो आयत्या बिळावरचा नागोबा. नाव बघून निवडणाऱ्याचा निदान स्वार्थ तरी नसतो.

विल्यमचं प्रकरण जास्त विचार करण्यासारखं आहे. २०१५ मध्ये त्याने बीबीसीसाठी माजी खेळाडू गॅरी लिनेकरला कारण सांगितलं. शाळेतले सगळे मित्र मँचेस्टर युनायटेडचे नाहीतर चेल्सीचे. त्याला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. गुणतक्त्यात मधोमध घुटमळणारा, कधी आनंद तर कधी मनस्ताप देणारा क्लब त्याला हवा होता. एप्रिल २००० मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो व्हिला आणि बोल्टन यांचा एफए कपचा उपांत्य सामना बघायला गेला. लाल लोकरी टोपी घालून व्हिलाच्या चाहत्यांमध्येच बसला. सामना ०-० सुटला आणि व्हिला पेनल्टीवर जिंकली. झालं, तेवढ्याने काम तमाम.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. व्हिला युरोपची विजेती झाली २६ मे १९८२ ला आणि विल्यम जन्मला २१ जून १९८२ ला. क्लबाच्या सर्वोच्च क्षणानंतर चार आठवडेही उलटले नव्हते. म्हणजे ती रात्र त्याच्या वाट्याला आलीच नाही. वाट्याला जे आलं ते असं: २००० मध्ये त्याच एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीकडून हार, म्हणजे शाळेत कुणाची तोंडं बघायला लागली असतील ते ओघाने आलंच. २०१० मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडकडून हार. २०१५ चं ते ४-०. मग २०१६ ची घसरण, तीन वर्षं खालच्या श्रेणीत, आणि वर आल्यावर २०२० मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीकडून हार. पहिल्या पंचवीस वर्षांत मोठी ट्रॉफी एकही नाही. मनस्ताप मागितला होता तो पोतं भरून मिळाला.

आणि माझ्या मते त्याला नेमकं हेच हवं होतं. ज्याच्या आयुष्यात घर, शाळा, नोकरी, अगदी पुढची गादीसुद्धा आधीच ठरलेली, त्याला स्वतःहून निवडलेली आणि हमी नसलेली एक तरी गोष्ट लागतच असणार. २०२४ मध्ये प्रशिक्षक उनाय एमरीच्या हाताखाली व्हिला प्रीमियर लीगमध्ये चौथी आली आणि युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत पोहोचली. ऑक्टोबरमध्ये बायर्न म्युनिकला व्हिला पार्कवर पुन्हा १-० ने हरवलं तेव्हा विल्यम स्टँडमध्ये होता. गोल झाल्यावरचे त्याचे फोटो बघा. वेम्ब्लीवर कप देतानाचा तो चेहरा तिथे कुठेच नाही.

या सगळ्यात डेव्हिड कॅमेरॉन यांना वगळलं तर अन्याय होईल. पंतप्रधान असताना ते स्वतःला व्हिलाचे म्हणवायचे, आणि दाखला चांगला होता. त्यांच्या मावशीचे यजमान सर विल्यम डगडेल हे सत्तरच्या दशकात क्लबाचे अध्यक्ष होते. म्हणजे क्लब घरातूनच आलेला. २५ एप्रिल २०१५, निवडणूक दोन आठवड्यांवर, आणि भाषणाच्या ओघात कॅमेरॉन बोलून गेले की तुम्ही वेस्ट हॅमला पाठिंबा दिलात तर मला जास्त आवडेल. वेस्ट हॅम! लंडनचा क्लब! नंतर त्यांनी डोकं चालेनासं झालं अशी सारवासारव केली. लोकांनी एक अंदाज बांधला तो असा की दोन्ही संघांचे रंग सारखेच, गडद तांबडा आणि आकाशी, त्यामुळे गल्लत झाली असावी. असेलही. पण त्याच्या सहाच दिवस आधी व्हिला लिव्हरपूलला हरवून एफए कपच्या अंतिम फेरीत गेली होती. त्या आठवड्यात खऱ्या व्हिलावाल्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तो चुकला नसता. निवडणूक त्यांनी जिंकली. चाहते म्हणून मात्र त्यांचं नाव अजूनही विनोदातच निघतं.

क्लबाला या लोकांचा उपयोग काय, असा व्यवहारी प्रश्न उरतो. थोडा असतो. २०२४ मध्ये व्हिलाची नवी जर्सी बाजारात आली तेव्हा जाहिरातीत ओझी आणि गीझर बटलर होते, आणि फुटबॉल न बघणाऱ्यांनीही ती बघितली. पण पाठीराखा आणि गुंतवणूकदार यांची सरमिसळ करू नये. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या अभिनेत्यांनी २०२१ मध्ये वेल्समधला रेक्सम क्लब घेतला, पैसा आणि कॅमेरे आणले आणि २०२३, २०२४, २०२५ अशी ओळीने तीन वर्षं क्लब एकेक पायरी वर चढला. बर्मिंगहॅममधलाच व्हिलाचा हाडवैरी, बर्मिंगहॅम सिटी, त्याच्यात टॉम ब्रेडीने, म्हणजे ‘अमेरिकन फुटबॉल’ या वेगळ्याच खेळातल्या माजी खेळाडूने, २०२३ मध्ये हिस्सा घेतला. यात वाईट काही नाही, रेक्समच्या लोकांना विचारा. मात्र तिथे ‘याने हा क्लब का निवडला’ या प्रश्नाचं उत्तर हिशेबाच्या वहीत मिळतं. व्हिलाचे मालक वेगळेच आहेत, नासेफ साविरिस आणि वेस एडन्स. विल्यमला किंवा हँक्सला त्यातून कवडी मिळत नाही.

आता पुढची पिढी. विल्यमने क्लब निवडला, पण त्याच्या थोरल्या मुलाला, जॉर्जला, तो आपसूक मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसला पीएसजी या तिथल्या क्लबाविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा उपांत्यपूर्व सामना होता, त्याला बापलेक दोघे गेले होते. व्हिला तिथे ३-१ ने हरली, घरच्या मैदानावर ३-२ ने जिंकली आणि एकूण ५-४ ने बाहेर पडली. म्हणजे पोराच्या वाट्यालाही परंपरेला धरूनच आलं म्हणायचं.

घरात या बाबतीत एकमत आहे असंही नाही. विल्यमचे वडील, राजे चार्ल्स, यांना २०१२ मध्ये कुणीतरी क्लब विचारला तेव्हा त्यांनी बर्नलीचं नाव घेतलं आणि समोरचे बुचकळ्यात पडले. बर्नली हे उत्तर इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं जुनं गाव, जिथे चार्ल्स यांच्या संस्थांनी बरंच काम केलंय. त्या क्लबाचे रंगही गडद तांबडा आणि आकाशीच. १९१० मध्ये व्हिला लीग विजेती होती, तेव्हा बर्नलीने तिचे बघून घेतलेले. त्यामुळे व्हिला आणि बर्नली समोरासमोर आले की पाहुण्या संघाला आपली नेहमीची जर्सी बाजूला ठेवून दुसरी घालावी लागते, नाहीतर पंचाला कोण कुणाचा ते कळणार नाही.